कणा ताठ कसा राहील?



आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगून आरंभ करतो. आमच्या मावशींनी एके दिवशी सकाळी वाकून पाण्याची कळशी उचलली आणि पाठीत कळ येऊन त्या मटकन खाली बसल्या. 'उसण भरली' असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. शेक झाला, तेल झाले आणि 'आता कशाला हात लावायचा नाही, स्वस्थ पडून राहायचे' असे फर्मान आम्हीच काढले. चार महिन्यांनी क्ष-किरण चित्र काढले तेव्हा कळले की, मणका दबला होता. तोवर मावशींना आधारावाचून उठवेनासे झाले होते. आम्ही प्रेमाने दिलेली विश्रांतीच त्यांना भोवली. आजचे हे चार शब्द म्हणजे त्या चुकीचे प्रायश्चित्त समजा.

घराचा वासा एकदा बसविला की तसाच राहतो. हाडाचे तसे नाही. त्यात जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी असतात आणि नवा भाग रचणाऱ्याही असतात. कोठे किती रचावयाचे, हे बव्हंशी त्या हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरते. यूलियस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली ग्रंथ लिहून हे तत्त्व मांडले. टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, ते यामुळेच. उलट, अंतराळात शरीराला भारच नसतो. तेथे पुरेसा व्यायाम न झाल्यास खुब्याच्या हाडातील खनिजे दरमहा सुमारे १ ते १.५ टक्का घटतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हाडांचीही झीज होते. त्यासाठी अंतराळात जावे लागत नाही!

साधारण तिशीनंतर हाडांची जमा हळूहळू कमी होऊ लागते. स्त्रियांची पाळी गेल्यावर तर पहिली काही वर्षे खर्चाचा वेग फारच वाढतो. मणक्याचे हाड आतून जाळीदार असते. जाळी विरळ झाली की वाकून ओझे उचलण्याने, क्वचित खोकल्यानेसुद्धा, मणका पुढच्या बाजूने चेपतो आणि पाचरीसारखा होतो. असे दोन-तीन मणके चेपले की उंची घटते, पाठीला पोक येते. आपण म्हणतो, 'वय झाले!' अनेकदा तो अस्थिभंगच असतो. त्याची दाद घेतली जात नाही इतकेच.

मग कोणताही व्यायाम चालेल काय? येथे सावध राहिले पाहिजे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील संशोधकांनी १९८४ साली, मणके विरळ झालेल्या ५९ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या २५ जणींपैकी ४ जणींचे मणके पुढे नव्याने चेपले. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ९ जणींपैकी मात्र ८ जणींचे चेपले! काहीच व्यायाम न करणाऱ्या ६ जणींत ही संख्या ४ होती. आकडे लहान आहेत, त्यांवरून अखेरचा निवाडा होत नाही. पण दिशा स्पष्ट दिसते. पुढे २००२ साली तेथूनच आणखी एक निष्कर्ष आला. दोन वर्षे पाठीचे स्नायू बळकट करणाऱ्या स्त्रियांची दहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा तो व्यायाम न केलेल्यांत मणके चेपण्याचा धोका २.७ पट आढळला.

ऑस्ट्रेलियात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने तर आमच्यासारख्यांचे डोळेच उघडले. हाडे विरळ झालेल्या १०१ प्रौढ स्त्रिया होत्या. त्यांतील एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजने उचलली, उड्याही मारल्या. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली.

उद्यापासून आजीबाईंच्या हाती वजने द्या, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांची पाठ एकाएकी दुखू लागली, उंची घटली, त्यांनी प्रथम डॉक्टरांकडे जावे. औषधाची जागा व्यायाम घेत नाही. सूर्यनमस्कार हे आपल्या महाराष्ट्राचे लाडके व्यायामव्रत आहे आणि तरुणांनी ते अवश्य चालवावे. परंतु मणके विरळ झालेल्यांनी कमरेत खोल वाकण्याची आसने विचारल्यावाचून करू नयेत. खालची वस्तू उचलताना गुडघ्यांत वाकावे, पाठ सरळ ठेवावी. पोहणे हृदयाला उत्तम, पण पाणी भार झेलत असल्याने हाडाला त्याचा लाभ थोडा. पायांवरचे चालणे, जिने चढणे त्याला जोडावे. आणि मुलामुलींना भरपूर उड्या मारू द्याव्यात, कारण हाडांची पुंजी त्याच वयात साठते.

मावशी पुढे शिकवणाऱ्या बाईंच्या देखरेखीखाली भिंतीला पाठ टेकून उभ्या राहू लागल्या, मग अंगणात फिरू लागल्या. चेपलेला मणका पूर्ववत झाला नाही; पण त्या स्वतःच्या पायांनी देवळात जाऊ लागल्या. घरी गेल्यावर आपापल्या वडीलधाऱ्यांना 'पडून राहा' म्हणण्याआधी क्षणभर थांबा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.