दोन स्तंभांचा संपादक : बाळशास्त्री जांभेकर

अनेक भाषा जाणणारे पत्रकार सर्व देशांत आढळतात. परंतु आपले भाषाज्ञान हीच पत्रकारितेची रचना बनविणारा संपादक विरळा, आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ अशाच एका संपादकाच्या हातून झाला. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ या पत्राचा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर यांचे वय विशीच्या घरात होते. प्रस्तुत व्याख्यानात त्यांच्या चरित्राचा विचार मुख्यतः या एका अंगाने करावयाचा आहे.

1812 साली देवगड तालुक्यातील पोंभुर्ले येथे जन्मलेल्या बाळशास्त्रींचे संस्कृतचे अध्ययन घरीच, वडील गंगाधरशास्त्री यांच्यापाशी झाले. त्यानंतर ते मुंबईस आले आणि सदाशिव काशिनाथ तथा बापू छत्रे यांच्या आश्रयाने, शाळा चालविणे व देशी भाषांत पाठ्यपुस्तके तयार करविणे हे कार्य करणाऱ्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या वर्तुळात इंग्रजी शिकून अल्पावधीत त्याच संस्थेच्या अधिकारपदावर पोहोचले. मराठी, संस्कृत व इंग्रजीखेरीज गुजराती, बंगाली, फारसी, फ्रेंच, लॅटिन या भाषांतही त्यांची गती होती. अशा याद्या चरित्रकारांना प्रिय असतात आणि त्या लांबतही जातात. महत्त्वाचा प्रश्न किती भाषा येत होत्या हा नसून त्या कोणत्या कामी आल्या हा आहे.

त्याचे उत्तर ‘दर्पण’च्या पानावरच मिळते. प्रत्येक पानाचे दोन उभे भाग, म्हणजे स्तंभ, पाडलेले असत. एकात मराठी मजकूर आणि शेजारी इंग्रजी. या मांडणीमागे शिक्षणाचा एक हेतू उघडच होता, कारण इंग्रजी शिकू पाहणाऱ्या एतद्देशीय तरुणास तोच विषय दोन्ही भाषांत ताडून पाहता येई आणि पाश्चात्त्य विद्यांची गोडी लागे. परंतु दुसरा हेतू अधिक दूरगामी होता. इंग्रजी स्तंभ सरकारी अधिकारी, व्यापारी आणि मिशनरी यांच्या दृष्टीस पडत असल्यामुळे, एतद्देशीयांत एखाद्या प्रश्नावर काय बोलले जाते, हे राज्यकर्त्यांना मध्यस्थावाचून कळण्याची सोय झाली. तर मराठी स्तंभामुळे राज्यकारभाराच्या वार्ता आणि विधवांच्या पुनर्विवाहासारखे वादविषय, इंग्रजी न जाणणाऱ्या गृहस्थापर्यंत पोहोचले. दोन्ही बाजूंचे वाचक एकच अंक हाती धरीत असल्याने एका भाषेत एक व दुसऱ्या भाषेत निराळे बोलण्याची मुभा संपादकास राहिली नाही, आणि बाळशास्त्रींच्या लेखणीचा संयम पुष्कळ अंशी या बंधनातून आला असावा.

दुभाषी पत्रे अन्यत्रही निघत होती. कैरोत 1828 साली इजिप्तचा शासक महंमद अली याच्या आज्ञेने सुरू झालेले सरकारी पत्र तुर्की व अरबी भाषांत छापले जाई. आज सौदी अरेबियात असलेल्या मक्केत 1908 साली निघालेले ‘हिजाज’ हे पत्रही त्याच दोन भाषांत होते. तेथे भाषांची जोडी सत्तेने जुळविली होती आणि शासनाचा शब्द प्रजेपर्यंत पोहोचविणे हे तिचे काम होते. ‘दर्पण’ मात्र प्रजेपैकी काहींनी काढलेले खासगी पत्र होते. बंगालमध्ये राममोहन रॉय यांनी बंगालीसाठी ‘संवाद कौमुदी’ आणि फारसीसाठी ‘मिरात-उल-अखबार’ अशा स्वतंत्र पत्रांचा मार्ग धरला होता. या दोहोंच्या तुलनेत बाळशास्त्रींची योजना अधिक धाडसी म्हणावी लागते.

ती खर्चिकही होती. आरंभी पाक्षिक असलेले ‘दर्पण’ मे 1832 पासून साप्ताहिक झाले, तरी वर्गणीदारांची संख्या शेकड्यांपलीकडे गेली नाही आणि जून 1840 मध्ये पत्र बंद पडले. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी शास्त्रीय व सामान्य ज्ञानाच्या विषयांना वाहिलेले ‘दिग्दर्शन’ हे मराठी मासिक सुरू केले, आणि त्यांचे सहकारी गोविंद विठ्ठल कुंटे तथा भाऊ महाजन यांनी 1841 मध्ये केवळ मराठीत ‘प्रभाकर’ काढला. मराठी वाचकवर्ग आता स्वतःच्या बळावर पत्र चालवू शकतो, हे यावरून दिसते. मात्र राज्यकर्त्यांना समोर बसवून वाद करण्याची ‘दर्पण’ची सोय ‘प्रभाकर’ला नव्हती.

एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकविणारे पहिले एतद्देशीय अध्यापक, कुलाबा वेधशाळेचे प्रमुख, शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कूलचे संचालक अशी त्यांची इतर पदे येथे केवळ नोंदविली तरी पुरे. 1843 मध्ये मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलास पुन्हा हिंदू समाजात घेण्यासाठी त्यांनी केलेल्या खटपटीमुळे सनातनी मंडळींचा रोष त्यांच्यावर ओढवला. 1845 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित आवृत्ती शिळाछापावर, म्हणजे दगडावर मजकूर उमटवून छापण्याच्या पद्धतीने, प्रसिद्ध केली. प्राचीन लेखांच्या वाचनाचा त्यांचा व्यासंग शेवटपर्यंत टिकला आणि त्याच कामाच्या प्रवासात आजारी पडून मे 1846 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

या व्यासंगाचा एक धागा अंबरनाथपर्यंत येतो. येथील शिवमंदिराच्या शिलाहारकालीन संस्कृत लेखाचे वाचन प्रसिद्ध करणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे एल्फिन्स्टनमधील त्यांचे विद्यार्थी. भाऊ दाजींनी त्या लेखाचा शक 782 असा वाचला; पुढे भगवानलाल इंद्रजी यांनी तो 982, म्हणजे इसवी सन 1060, असल्याचे दाखविले आणि मंदिराच्या कालनिर्णयास आज तोच आधार मानला जातो.

बाळशास्त्रींचे लेखन व चरित्रसाधने ग. गं. जांभेकर यांनी 1950 साली तीन खंडांत संपादून प्रसिद्ध केली. 6 जानेवारीस पत्रकार दिन साजरा करणाऱ्या येथील संस्थांनी हे खंड मिळवून आपल्या वाचनालयांत अभ्यासकांसाठी उपलब्ध करावेत.