काकूंची होयाची वेल
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)

सोसायटीच्या २५ वर्षांचा हिशेब सेक्रेटरींनी मांडलाच आहे. मी माझ्या खिडकीतल्या एका वेलीबद्दल बोलणार आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांना आठवत असतील. मुलाकडे पुण्याला कायमच्या जाताना त्यांनी एक कुंडी माझ्या हातात दिली. जाड, चकचकीत पानांची वेल. नर्सरीत हिला होया किंवा वॅक्स प्लांट म्हणतात, कारण फुलांचे झुबके मेणाचे केल्यासारखे दिसतात. होया हे नाव थॉमस हॉय नावाच्या इंग्लंडमधल्या एका माळ्यावरून १८१० साली ठेवलं. माळ्याचं नाव झाडाला, मला फार आवडलं हे! आणि ही काही अगदी परकी नाही, आपल्या सह्याद्रीतही होयाची जात झाडांवर चढून वाढते.

काकूंकडे ती दरवर्षी फुलायची. माझ्याकडे तीन वर्षं नुसती पानं. काकू फोनवर आधी नातवंडांचं सांगायच्या, मग हळूच, "फुलली का गं?" मी आपली, "धरतील आता कळ्या" म्हणून वेळ मारून न्यायचे.

चुका माझ्याच. प्रेमापोटी रोज पाणी घातलं, पानं पिवळी पडली. मोठ्या कुंडीत हलवली, तर माती सुकेचना. हिची पानंच पाणी साठवतात, त्यामुळे माती वाळल्यावरच पाणी द्यायचं. मुळं कुंडीत दाटलेलीच बरी. मातीत कोकोपीट, विटांचे बारीक तुकडे घातले की पाणी तुंबत नाही. उजेड भरपूर हवा, पण आपल्या नगरचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन थेट नको, पानं भाजतात.

खरी चूक मात्र कात्रीची. वेल आली तेव्हा पानांच्या बेचक्यात बोटभर बोडके देठ होते. वाळलेले समजून मी सगळे कापून टाकले, घर आवरल्यासारखे. होया त्याच जुन्या देठाच्या टोकाला पुन्हा पुन्हा कळ्या धरते! म्हणजे काकूंच्या घरची इतक्या वर्षांची फुलायची जागाच मी केरात टाकली. हे त्यांना सांगायला मला वर्ष लागलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "अगं, नवे येतील. आता फक्त कुंडी हलवू नकोस."

यंदा झुबका आला. रात्री वास खोलीभर, खाली फरशीवर मधाचे चिकट थेंब, मागोमाग मुंग्या. देठांवर पांढरा पिठ्या ढेकूणही बसतो, तो साबणाच्या पाण्यात कापूस बुडवून पुसायचा. चीक रुईसारखा असतो, डोळ्याला हात लावू नका.

पाच-सहा फांद्या पाण्यात ठेवल्यात, मुळं फुटलीत. ज्यांना हव्यात त्यांनी रविवारी सकाळी या. कुंडी लहान आणा.