वकिलाच्या घरातला फोन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वकिलाने कामाचा आणि घरचा असे दोन वेगळे फोन ठेवावेत काय, हा विषय चिटणीसबाईंनी मला दिला तेव्हा मला हसू आले. मी म्हटले, "हे वकिलांना विचारा, वकिलाच्या बायकोला काय विचारता?" त्या म्हणाल्या, "पण फोन उचलतं कोण?" यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून आज उभी आहे.

फोन खरोखरच मी उचलीत असे. हे अंघोळीला गेले, पूजेला बसले, जरा आडवे झाले की वाजलाच. रोवणीच्या दिवसांत धुऱ्याची भांडणे निघतात. त्यांचे फोन पहाटेपासून. पवनीकडचे लोक गोसीखुर्दच्या जमिनीच्या मोबदल्याबद्दल विचारीत. कोणी नुसते, "बाई, पेशी कधी आहे?" एवढेच. मीही मोठ्या हौसेने डायरी पाहून तारखा सांगे. आपण यांच्या कामाला हातभार लावतो, असा मला थोडा अभिमानच होता, हे कबूल करते.

माझे सासरेही वकील होते. त्यांच्या काळी बैठक वेगळी आणि माजघर वेगळे. अशील बैठकीत आला की मधले दार लोटले जाई. चहा न्यायचा, ठेवायचा आणि परत फिरायचे, असा सासूबाईंचा दंडक होता. तिथे काय बोलणे चालले आहे ते कारकुनाला ठाऊक असे, आम्हाला नसे. मला तेव्हा वाटे, बायकांना काही कळू नये म्हणून ही व्यवस्था आहे. खिशातला फोन आला आणि ती सारी बैठक उठून स्वयंपाकघरात आली. आम्हाला ती सोयच वाटली.

मग गणपतीतली ती गोष्ट घडली. घरी पाहुण्या आल्या होत्या. मी यांच्या फोनवर त्यांना गौरीच्या आराशीचे फोटो दाखवीत होते. तेवढ्यात वरच्या बाजूला एक निरोप उमटला आणि माझे बोट त्यावर पडले. एका अशील बाईने डॉक्टरांचा दाखला पाठविला होता. त्यावर तिचे नाव, अंगावरच्या जखमांची नोंद, सारे काही. मी झटकन फोन उलटा केला. पण शेजारी बसलेल्या पाहुणीचे माहेर त्या बाईच्या सासरच्याच गावचे. कोणी काही बोलले नाही. आपला जिल्हा केवढा, हे तुम्हाला सांगायला नको. आठ दिवसांत ही बाई वकिलाकडे गेली आहे, ही बातमी तिच्या सासरी पोचली. ती आली आणि आपले कागद घेऊन गेली. मला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

त्यानंतर मी यांच्याकडून कायद्याचे ते कलम समजून घेतले. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट अशिलाच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम १२६ होते. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते १३२ आहे. गुन्हा करण्यासाठीच सल्ला घेतला असेल तर गोष्ट निराळी. पण एरवी काम संपले, वकीलपत्र परत घेतले, तरी बंधन सुटत नाही. म्हणजे गुपित वकिलाचे नव्हेच, ते अशिलाचे. वकील नुसता सांभाळणारा. हे बंधन दुभाष्याला आहे, कारकुनाला आहे, वकिलाच्या नोकरालाही आहे. त्या यादीत बायको नाही. मी दोनदा वाचून पाहिले.

आता सरकारी बाजू पाहा. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. तेव्हा सरन्यायाधीश आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते. अशिलाच्या प्रकरणाची माहिती काढण्यासाठी तपास अधिकाऱ्याने उठून वकिलालाच बोलावू नये, असे त्यात सांगितले. वकिलाचा फोन किंवा संगणक हवाच असेल, तर तो न्यायालयापुढे ठेवावा, आधी हरकती ऐकाव्यात. उघडायचा तर वकील आणि पक्षकार यांच्या देखत, आणि इतर अशिलांची गुपिते फुटणार नाहीत अशा बेताने. निकाल चांगलाच आहे. पण मी आपली घरची बाजू पाहते. तोच एक फोन न्यायालयापुढे गेला, तर लेकीच्या बाळंतपणाचे फोटो, सासूबाईंचे दवाखान्याचे कागद, माझ्या भावाने उसने मागितल्याचा निरोप, सारे त्याच्याबरोबर जायचे. त्यांचा काय अपराध?

दोन फोन म्हणजे काही किल्ला नव्हे. २०१९ मध्ये पेगासस नावाच्या हेरगिरीच्या यंत्रणेने ज्यांच्या फोनवर नजर ठेवल्याचे उघडकीस आले, त्यांत नागपूरचे एक वकीलही होते. अशा चोरापुढे दोन काय नि चार काय! पण आमच्या घरी कोणी चोर आला नव्हता. आमच्या घरी मीच होते.

खर्चाचे म्हणाल, तर तालुक्याच्या कोर्टातल्या नव्या वकिलाला दुसरा फोन जड जातो, हे खरे आहे. एकाच फोनमध्ये दोन सिमकार्डे घालून काही जण भागवितात. पण फोटो आणि निरोप सगळे एकाच पेटीत राहतात. मग उपयोग काय? घरासाठी साधा, बटणांचा फोन घेतला तरी चालतो. आम्ही तोच घेतला. जुना नंबर मात्र कामालाच ठेवला. तो नंबर अशिलांनी कागदांच्या पिशवीवर, कोणी घराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला आहे. त्यांना कुठे शोधत फिरायला लावायचे? नातेवाइकांना नवा नंबर कळविणे सोपे. दोन आत्यांचा राग अजून गेलेला नाही, तो भाग वेगळा.

एक शंका मलाच होती. रात्री एखादीला घराबाहेर काढले आणि वकिलाचा कामाचा फोन बंद असला तर? म्हणून तो रात्रीही चालू असतो. तरीही तो लागला नाही, तर हे क्रमांक आपल्या भिंतीवर लिहून ठेवा : पोलिसांसाठी ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१, कायद्याच्या मदतीसाठी १५१००. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. १९८७ च्या कायद्याने दिलेला तो हक्क आहे. पुष्कळ जणींना अजून माहीत नाही.

आता आमच्याकडे कामाचा फोन बैठकीत, सासऱ्यांच्या टेबलावर असतो. तो उचलायचा तर यांनी किंवा कारकुनाने. दोघेही नसले तर वाजून वाजून थांबतो. पहिले काही दिवस माझा हात आपोआप पुढे जाई. परवा रात्री अकराला तो वाजला. हे उठून गेले, मधले दार लोटले, अर्ध्या तासाने परत आले. कोणाचा होता, हे मी विचारले नाही.