झऱ्याची वही



विहिरीचे पाणी आटले, की आपण आभाळाकडे पाहतो. पण पायाखाली, खोल भुईत, कोळशाची खाण चालू असेल तर? मग दोष पावसाचा की खाणीचा, हे ठरवायचे कसे? या प्रश्नाशी अमेरिकेतल्या यूटा राज्यातले लोक कसे झगडतात, ते आज पाहू या.

यूटा हा कोरडा मुलूख. तिथल्या वॉसॅच पठारात आणि बुक क्लिफ्स नावाच्या कड्यांत एकोणिसाव्या शतकापासून कोळसा निघतो. या डोंगरांत खोल, अरुंद दऱ्या आहेत. तिकडे त्यांना कॅन्यन म्हणतात. हिवाळ्यात माथ्यावर बर्फ साचते. ते वितळले, की काही पाणी वाहून जाते, काही खडकात मुरून झऱ्यांवाटे बाहेर येते. खालची गावे, शेते नि गुरेढोरे यांची सारी भिस्त त्या पाण्यावर!

आता खाणीत काय होते पाहा. कोळशाचा लांबलचक पट्टा कापत पुढे गेले, की मागचे छत कोसळू देतात. वरचा खडक खचतो, त्याला भेगा पडतात. मग एखादा झरा वाट बदलतो, एखादा खाणीतच उतरतो. उलट, खाणीतले पाणी उपसून ओढ्यात सोडले, तर त्यातून क्षार नि लोह येण्याचे भय असते.

म्हणून १९७७ च्या अमेरिकन कायद्याने दंडक घातला. खाण सुरू होण्यापूर्वीच पाण्याची मूळ स्थिती नोंदवायची आणि पुढे दर तीन महिन्यांनी मोजमापे सरकारला द्यायची. काय मोजायचे? प्रवाह, विरघळलेले क्षार, तरंगता गाळ, सामू, लोह आणि मँगनीज. १९९२ साली आणखी भर पडली. भूमिगत खाणीमुळे पिण्याच्या किंवा घरगुती वापराच्या विहिरीचे, झऱ्याचे पाणी गेले, तर खाणवाल्याने दुसरे पाणी पुरवावे.

पण तक्रार टिकायची, तर पुरावा हवा. २००१ साली स्कायलाइन खाणीत प्रचंड पाणी शिरले. ते जवळच्या इलेक्ट्रिक लेक तलावाचे की खडकातले, यावर मोठा वाद झाला. अशा वादात नुसत्या आठवणी कामाला येत नाहीत. वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. शिवाय खाणीपासून दूरच्या ओढ्याचीही नोंद लागते. दोन्ही ओढे आटले, तर अवर्षणाचा संशय घ्यावा. खाणीजवळचा एकच आटला, तर खाणीकडे बोट जाते.

मोजणीची युक्ती साधी आहे. ओढ्यात काटकोनी खाचेची फळी आडवी बसवतात. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची १० सेंटिमीटर भरली, तर सेकंदाला सुमारे साडेचार लिटर पाणी वाहते. उंची दुप्पट झाली, तर पाणी दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून अधिक होते!

गुरुजी, आपल्या विदर्भातही कोळशाच्या भूमिगत खाणी आहेत. खाण असो वा नसो, गावच्या झऱ्याची वही आपण घालू शकतो. धारेखाली दहा लिटरची बादली धरा, घड्याळ पाहा. वीस सेकंदांत भरली, तर सेकंदाला अर्धा लिटर. मुलांकडून दर महिन्याला, त्याच जागी हे मोजून घ्या. तारीख घाला, पाऊस लिहा, आणि कोरडा गेला तो महिनाही गाळू नका. उद्या पाण्याचा तंटा उभा राहिला, तर गावाच्या हाती ती वही असेल.