लाओसच्या शेतकऱ्याचें तोंड कोणीं बांधलें ?

(गांवच्या चावडीपुढील सभेंत झालेलें भाषण)



आज आम्ही ज्या देशाविषयीं बोलणार आहों, त्याचें नांव आपल्यांपैकीं पुष्कळांनीं ऐकलेंही नसेल. तो देश लाओस. थायलंडच्या पूर्वेस व व्हिएतनामच्या पश्चिमेस हा डोंगराळ मुलूख आहे. त्यास समुद्र नाहीं. मेकाँग नदी हीच त्याची मोठी वाट. वस्ती पाऊण कोटीच्या आसपास, म्हणजे आपल्या एकट्या पुणें जिल्ह्याहूनही कमी. लोक बहुतेक भातकरी. तेथला तांदूळ शिजला कीं चिकट होतो. तो बांबूच्या टोपलींत ठेवतात आणि बोटांनीं गोळा मोडून खातात.

कोणी म्हणेल, मास्तर, आमचा कांदा चाळींत सडतो आहे आणि तुम्ही लाओस कसला सांगतां ? प्रश्न रास्त आहे. पण जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ छापली, ती गुलामांस दास्यांतून सोडविणाऱ्या अमेरिकेंतील सज्जन लोकांस अर्पण केली. पुण्यांत बसून ज्यांस सातासमुद्रापलीकडच्या गुलामांची आठवण राहिली, त्यांचें नांव आपण घेतों. लाओस त्या मानानें शेजार आहे. १९५४ सालीं तेथल्या तहावर देखरेख करण्यास जें आंतरराष्ट्रीय कमिशन नेमलें, त्याचें अध्यक्षपद हिंदुस्थानाकडेच होतें.

पुढें त्याच अमेरिकेच्या सरकारनें १९६४ पासून १९७३ पर्यंत लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. (सज्जनांची अमेरिका निराळी आणि सरकारची निराळी, हें आम्हांस कळतें.) त्यांत चेंडूएवढे लहान गोळे सुमारें २७ कोटी होते, आणि अंदाजें तिसरा हिस्सा फुटलाच नाहीं. ते अजून शेतांत पडून आहेत. कुदळ मारतांना हात जातो, पोर खेळणें समजून उचलतें आणि जिवास मुकतें. ज्या देशांत नांगर धरावयास छाती लागते, तेथल्या शेतकऱ्यास निदान बोलण्याची तरी मोकळीक असावी कीं नाहीं ?

१९७५ च्या डिसेंबरांत राजा गेला आणि एका पक्षाचें राज्य आलें. त्या राज्याचें नांव आम्ही मुद्दाम पाहिलें. लाओच्या भाषेंत पाली-संस्कृताचे शब्द पुष्कळ आहेत. आपला ‘प्रदेश’ त्यांच्या तोंडीं ‘पथेत’ होतो. तर राज्याच्या नांवांत ‘प्रजाजन’ आहे आणि ‘प्रजाधिपत्य’ही आहे. प्रजेचें नांव दोनदां ! आणि प्रत्यक्षांत पक्ष एकच, वर्तमानपत्रें सरकारचीं, जमीन राष्ट्राची म्हणून सरकारच्या हातीं. शेतकऱ्यास कसण्याचा हक्क तेवढा आहे. कोणा कंपनीस रबराच्या मळ्यासाठीं किंवा धरणासाठीं रान दिलें, तर त्यानें दाद मागावी कोठें ? धर्माचें नांव पुढें करून भटजी आपणांस पोथी ऐकूं देत नव्हते. तेथें शेतकऱ्याचेंच नांव पुढें करून शेतकऱ्यास बोलूं देत नाहींत.

असें नाहीं कीं कोणी बोललें नाहीं. १९९० सालीं सरकारांतल्याच तिघांनीं अनेक पक्ष असावेत असें लिहिलें. त्यांस चौदा वर्षांची सजा झाली. त्यांपैकीं थोंगसूक सायसांगखी १९९८ सालीं तुरुंगांतच वारले. २६ आक्टोबर १९९९ रोजीं राजधानी व्हिएंतियान येथें विद्यार्थी व मास्तर शांतपणें लोकशाही मागण्यास निघाले, तर फलक नीट उघडण्याआधींच त्यांस धरलें. मास्तर म्हटल्यावर आम्हांस जरा अधिकच लागलें, हें कबूल करतों.

पण आज सांगावयाची गोष्ट सोंबाथ सोमफोन यांची. हे शेतकऱ्याच्या पोटीं १९५२ सालीं जन्मले. अमेरिकेंत हवाई येथें जाऊन शिक्षण व शेती हे विषय शिकले. देशांतले शिकलेले लोक नदी ओलांडून पळत होते त्या काळांत हे उलट परत आले. भाताची शेती, सेंद्रिय खत, कमी लांकूड जाळणारी चूल हीं त्यांचीं कामें. १९९६ सालीं त्यांनीं तरुणांस गांवकामाचें शिक्षण देणारी संस्था काढली. २००५ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. लोकनेतृत्वाचें तेंच पारितोषिक १९७९ सालीं आपल्या जामखेडच्या आरोळे दांपत्यास मिळालें होतें. सरकारास त्यांनीं कधीं शिवी दिली नाहीं. २०१२ सालीं व्हिएंतियानला आशिया-युरोपच्या लोकांची परिषद भरली, तेव्हां प्रांतोप्रांतींच्या लोकांस, तुम्हांस कसली प्रगती हवी, असें विचारून तें पुढें मांडण्याची खटपट त्यांनीं केली. एवढाच गुन्हा दिसतो.

त्याच वर्षीं १५ डिसेंबरच्या सायंकाळीं ते आपल्या जुन्या जीपमधून घरीं चालले होते. पत्नी शुई मेंग पुढच्या मोटारींत होत्या. पोलीस चौकीपाशीं जीप थांबविली. त्या घरीं पोंचल्या, हे पोंचले नाहींत. रस्त्यावरच्या सरकारी कॅमेऱ्याचें चित्र घरच्यांनीं चौकींत पाहून टिपून घेतलें: सोंबाथ उतरतात, कोणी दुसराच मोटारसायकलवरून येऊन त्यांची जीप नेतो, मग एक गाडी येते व त्यांस घेऊन जाते. हें सर्व पोलिसांच्या डोळ्यांदेखत. सरकार म्हणतें, आमचा हात नाहीं, तपास चालू आहे. तेव्हांपासून त्यांचा पत्ता नाहीं. लाओसनें २००९ सालीं नागरी हक्कांच्या जागतिक करारावर मान्यतेची मोहर उठविली होती. ती शाई तरी वाळली असेल.

आपल्याकडे बाई विधवा झाली तर रडावयास तरी मोकळी असते. शुई मेंगबाईंस रडावें कीं वाट पाहावी हेंही ठाऊक नाहीं. त्या दरसाल तोच प्रश्न विचारतात.

आम्हीं एक कागद लिहून आणला आहे. दिल्लींत लाओसची वकिलात आहे, तिच्या नांवें. मजकूर चार ओळींचा: सोंबाथ कोठें आहेत तें त्यांच्या पत्नीस सांगावें. कागद अध्यक्षांच्या मेजावर ठेवतों. बायामाणसांनींही सही करावी. म्हाताऱ्यांनीं अंगठा उठविला तरी चालेल, शाई आम्ही शाळेंतून आणली आहे.