आधी खाट
(परभणीच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी मुंबईला गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून तुम्ही मला बोलावलं. पण आज कविता नाही. आज खाटेबद्दल बोलतो.

मागच्या साली मालट्रकबरोबर पाचगणीला गेलो होतो, सामान उतरवायला. पसरणीचा घाट चढला की हवाच बदलते. इंग्रजांनी आपल्या लेकरांसाठी तिथं निवासी शाळा काढल्या. त्यातली सेंट पीटर्स ही मुलांची, शंभरी ओलांडलेली. झांझिबारला १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा तिथं बोर्डिंगात राहिला, पियानो वाजवला, दोस्तांचा बँड काढला. पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. पोरगा गुणी होता, कबूल. पण त्याला खाट होती, वेळेवर ताट होतं, अन् बोटं चालवायला पियानो होता.

त्याच सातारा जिल्ह्यात, घाटाखाली, ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा नावाचा पोरगा हायस्कुलात दाखल झाला. बसायला वेगळं गोणपाट. तेही रोज काखेत मारून घरी न्यायचं. नळाला हात लावायचा नाही.

भिवाचे बाबासाहेब झाले. नुसतं शाळेचं दार उघडून भागत नाही, रात्री दिवा कुठं लावायचा हे त्यांनी ओळखलं. म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढलं. निजामी जाऊन दोनच वर्षं होत होती, तेव्हा १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं. तेच पुढे मिलिंद. आपल्या परभणीची पोरं पत्र्याची पेटी घेऊन तिथं गेली.

मीही एका वसतिगृहात होतो. वीस पोरांत दोन बल्ब. एक महिना मेस बंद पडली. माझ्या शेजारचा पोरगा, गणितात माझ्याहून हुशार, पेटी उचलून ऊसतोडीला गेला. त्याची खाट मला मिळाली. तिच्यावर झोपून मी मॅट्रिक झालो. ती खाट मला अजून टोचते.

पाचगणीचा पियानो फोडा, असं मी म्हणत नाही. पियानो आपल्यालाही पाहिजे. पण आधी खाट. मोर्च्यात घोषणा देता, जरूर द्या. पण रविवारी गावातल्या वसतिगृहात जा. बल्ब मोजा. ताटात काय पडतं ते बघा. अन् कोणाची पेटी बांधलेली दिसली तर त्याच्याशेजारी बसा, विचारा. त्याला गाडीत चढू देऊ नका.

जय भीम.