खिडकी वेगळी, भिंग वेगळे : जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांची तुलना

(पापनाशम येथे गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवातील व्याख्यान म्हटले की आरोग्य, बचत, मुलांचे शिक्षण असे विषय ठरलेले असतात. यंदा कार्यकर्त्यांनी घरोघरी कपाटात पडून असलेले जुने कॅमेरे मागवले आणि मला सांगितले, ‘यांतला कोणता चांगला ते सांगा, म्हणजे कोणता ठेवायचा आणि कोणता भंगारात द्यायचा ते ठरवता येईल.’ समोरच्या टेबलावर पाच कॅमेरे आहेत. त्यांच्या भिंगांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि पाचही भिंगे उत्तम आहेत. मी आज बोलणार आहे ते ज्या छोट्या खिडकीतून आपण पाहतो तिच्याबद्दल, म्हणजे व्ह्यूफाइंडरबद्दल. भंगाराचा निर्णय आपण शेवटी घेऊ.

आपण ज्या भागात राहतो तो फोटोग्राफीला नवा नाही. लिनियस ट्राइप या लष्करी अधिकाऱ्याने १८५८ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराची छायाचित्रे काढली. विमानाच्या पायथ्याशी कोरलेला लेख त्याने तुकड्या-तुकड्याने टिपला आणि २१ छापे जोडून त्याची एक लांबच लांब पट्टी तयार केली. त्याचा कॅमेरा म्हणजे भली मोठी लाकडी पेटी. मागच्या दुधी काचेवर चित्र उलटे दिसे, पण दिसे ते भिंगातून आलेलेच. आज मोबाइलच्या पडद्यावरही भिंगातून आलेलेच चित्र दिसते. मधल्या काळात मात्र लाखो घरांत असे कॅमेरे आले की ज्यांत डोळा एका खिडकीतून पाहतो आणि फोटो दुसऱ्याच भिंगातून निघतो. आपले हे पाचही कॅमेरे त्याच घराण्यातले. यांचे भिंग बदलता येत नाही.

हे यंत्र चालते कसे? कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात. एकीतून आपण पाहतो. दुसरीतून आलेली प्रतिमा आरसा आणि अर्धपारदर्शक काच यांच्या मदतीने पहिलीच्या मध्यभागी पाडलेली असते. तिथे एक उजळ ठिपका दिसतो. माणूस ठिपक्यात दुहेरी दिसला तर अंतर चुकले. भिंगाचे कडे फिरवत दोन्ही प्रतिमा एकावर एक बसवल्या की अंतर जुळले. दोन खिडक्या जितक्या दूर आणि दिसणारी प्रतिमा जितकी मोठी, तितकी ही जुळणी अचूक होते.

आता अडचण पाहा. खिडकी भिंगाच्या वर आणि डावीकडे असते. अंतर साधारण ४ सेंटिमीटर धरू. ४५ मिलिमीटरच्या भिंगाने १ मीटरवरून फोटो काढला तर सुमारे पाऊण मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच एवढाच भाग येतो. त्यात ४ सेंटिमीटर म्हणजे उंचीचा बारावा हिस्सा! डोळ्याला बाळाचे टोपडे पूर्ण दिसते आणि फोटोत ते वरून कापले जाते. तेच ५ मीटरवर चौकट जवळजवळ ४ मीटर रुंद होते आणि ४ सेंटिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाहीत. म्हणजे मिरवणुकीला काही धोका नाही, धोका आहे तो बारशाला आणि मूर्तीच्या मुखाच्या फोटोला. कॅमेरा उभा धरला की फरक बाजूला सरकतो, एवढेच.

या अडचणीवर कोणी काय उपाय केला, यावरूनच आपण पाचांची तुलना करू.

पहिला यॅशिका इलेक्ट्रो ३५. हा १९६६ साली बाजारात आला आणि पुढे त्याची बरीच भावंडे निघाली. सिंगापूर-आखातातून येणाऱ्या पाहुण्यांच्या पेटीतून आणि मद्रासच्या बर्मा बझारातून हा आपल्याकडे बराच आला. खिडकी मोठी, ठिपका पिवळसर आणि ठळक. आत उजळ रेषांची चौकट आहे आणि अंतर जुळवताना ती आपोआप खाली-उजवीकडे सरकते. बाळाचे टोपडे वाचते! प्रकाशाबाबत तो दोनच गोष्टी सांगतो : लाल बाण म्हणजे प्रकाश जास्त, पिवळा बाण म्हणजे शटर मंद, हात हलवू नका. शटरचा वेग किती ते कळत नाही. आणखी एक गोष्ट. याचा प्रकाश मोजणारा डोळा भिंगाजवळ नसून कॅमेऱ्याच्या अंगावर आहे. भिंगावर टोपण तसेच राहिले तरी खिडकीत सारे झकास दिसते आणि यंत्रही चूक दाखवत नाही.

दुसरा कॅननेट क्यूएल १७ जी-३, सन १९७२. भिंग ४० मिलिमीटरचे. याचीही चौकट सरकते. शिवाय उजव्या बाजूला काटा आहे आणि तो भिंगाचे छिद्र किती उघडणार ते दाखवतो. काटा लाल पट्टीत गेला तर स्वयंचलित पद्धतीत शटर दाबलेच जात नाही. याचा प्रकाशमापक भिंगाच्या कड्यात असल्याने टोपण लावलेले असेल तर काटा लगेच कुरकुरतो. विसरभोळ्यांसाठी हा गुण फार मोलाचा. ४० मिलिमीटरचा आणखी फायदा म्हणजे ३० फुटी मंडप ४५च्या भिंगात बसवायला साडेसदतीस फूट मागे जावे लागते, तर ४०च्या भिंगाला साडेतेहतीस फूट पुरतात. अरुंद गल्लीत हे चार फूट कुठून आणायचे ते ज्याने गणपतीचे फोटो काढले आहेत त्याला विचारा.

तिसरा मिनोल्टा हाय-मॅटिक ७ एस, हाही १९६६चा. याच घराण्यातला पहिला हाय-मॅटिक, अमेरिकेत दुसऱ्या नावाने विकला जाणारा, अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी फेब्रुवारी १९६२ मध्ये अंतराळात नेला होता. चौकट सरकणारी, खिडकी ऐसपैस. काटा मात्र छिद्र किंवा वेग न दाखवता प्रकाशमूल्याचा एक आकडा दाखवतो. शिकणाऱ्याला तो थोडा कोड्यासारखा वाटतो, सवय झाल्यावर आवडू लागतो.

चौथा ऑलिंपस ३५ आरसी, सन १९७०. खिशात मावेल एवढा. एवढ्याशा खिडकीत शटरचा वेग आणि छिद्र दोन्ही वाचता येतात आणि डोळा न हलवता सगळा हिशेब कळतो. परंतु चौकट सरकत नाही. जवळच्या फोटोसाठी आत फक्त खुणा केलेल्या आहेत, त्या लक्षात ठेवून डोके त्यांच्या खाली ठेवायचे. सवयीच्या हाताला हे जमते, पण पाहुण्याच्या हाती दिला की टोपडे कापले गेलेच म्हणून समजा.

पाचवा कोनिका ३ ए, सन १९५८. यात प्रकाशमापक नाही, बॅटरी नाही. पण खिडकी पाहाल तर पाहतच राहाल. जग जेवढे आहे तेवढेच दिसते, लहान होत नाही. त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. चौकट सरकते आणि जवळच्या अंतरावर ती आकसतेसुद्धा. जवळचे टिपताना भिंग फिल्मपासून दूर सरकते आणि फोटोत येणारा भाग १ मीटरला सुमारे पाच टक्क्यांनी कमी होतो. हे पाच टक्केही या कारागिरांनी हिशेबात धरले. आपल्यापैकी खानापूर, आटपाडी, तासगावकडून येऊन गलाईचा धंदा करणाऱ्यांना या पाच टक्क्यांची किंमत मी सांगायला नको. तुम्ही गुंजेचा हिशेब सोडत नाही!

आता चष्म्याचा प्रश्न. आपल्यापैकी निम्म्यांना चष्मा आहे. चष्म्यामुळे डोळा खिडकीपासून दूर राहतो आणि चौकटीचे कोपरे दिसत नाहीत. मग माणूस अंदाजाने चौकट धरतो आणि रांगेच्या टोकाचा माणूस गळतो. म्हणून कॅमेरा निवडताना चष्मा लावून चारही कोपरे दिसतात का ते पाहावे. ज्याला कोपरे दिसत नाहीत त्याला सर्वांत नामांकित भिंगाचाही उपयोग नाही. दृष्टीची कदर या भूमीत पूर्वीपासून आहे. दुसरे सरफोजी महाराज १८३२ साली गेले तेव्हा फोटोग्राफी जगासमोर यायची होती. पण रोग्यांच्या डोळ्यांची चित्रे काढून ठेवलेली त्यांच्या काळची टिपणे तंजावरला जपलेली आहेत.

तुलना घरच्या घरी करता येते, तीही फिल्म न घालता. कॅमेऱ्याची पाठ उघडा. फिल्म जिथून सरकते त्या चौकटीवर बटर पेपर ताणून चिकटवा. छिद्र पूर्ण उघडा, शटर ‘बी’वर ठेवून दाबून धरा. कागदावर भिंगाने पाहिलेले उलटे चित्र उमटेल. ट्राइपच्या दुधी काचेचेच हे धाकटे रूप! आता खिडकीतून पाहा आणि दोन्हींची कड ताडून बघा, एकदा १ मीटरवर, एकदा ५ मीटरवर. कोणती खिडकी खरे बोलते ते पाच मिनिटांत कळते.

ठिपक्याची परीक्षा लांबच्या गोपुराच्या कळसावर करावी. भिंग अनंतावर ठेवले की दोन्ही कळस एक व्हायला हवेत. आपल्या तिरुप्पालैत्तुरैच्या देवळातील नायककालीन विटांच्या धान्यकोठारावर ही परीक्षा करू नका. विटांच्या ओळी आडव्या आणि एकसारख्या. ठिपक्यातील प्रतिमा आडवी सरकते, त्यामुळे तिथे काय जुळले ते समजत नाही. दाराची उभी कड धरावी, नाहीतर कॅमेराच उभा करावा.

देखभालीच्या दोन गोष्टी. कावेरीकाठची दमट हवा काचेला बुरशी लावते. कॅमेरा चामड्याच्या पेटीतून बाहेर काढून कोरड्या, उजेडाच्या जागी ठेवा. खिडकी धूसर झाली तर जाणकाराकडून आतून साफ करून घ्या, पण अर्धपारदर्शक काच पुसायला लावू नका. तिचा मुलामा फडक्याबरोबर निघून येतो आणि ठिपका कायमचा जातो. ठिपका फिका असेल तर पुढच्या खिडकीच्या बरोबर मध्यभागी काळ्या टेपचा बारीकसा तुकडा लावून पाहा. तेवढ्या जागी पार्श्वभूमी काळवंडते आणि ठिपका उठून दिसतो.

मग कोणता चांगला? समारंभात चार हातांत फिरणार असेल तर कॅननेट. मोठ्या खिडकीची आणि ठळक ठिपक्याची गरज असणाऱ्या वडीलधाऱ्यांना यॅशिका, फक्त टोपणाची आठवण कोणीतरी करून द्यावी. हिशेब समजून शिकणाऱ्या मुला-मुलींना ऑलिंपस, आकड्यांची आवड असेल तर मिनोल्टा. नुसते पाहण्याचे सुख हवे असेल तर कोनिका. जुने पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत, म्हणून कॅमेरे निकामी झाले असे समजू नका. पाचांपैकी एकाच्याही व्ह्यूफाइंडरला आणि अंतर जुळवण्याला बॅटरी लागत नाही.

आता शेवटचा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्या घरांतले जुने फोटो पाहताना आपण सहज म्हणतो, ‘काकांनी काय फोटो काढलाय, आत्याचे डोकेच नाही!’ काकांना नावे ठेवण्याआधी त्यांच्या हातात कोणती खिडकी होती ते बघा. त्यांच्या डोळ्याला आत्या पूर्ण दिसत होती. गावाकडे आई-वडिलांना नवे दुकान दिसावे, नातवंड दिसावे, म्हणून पोटाला चिमटा घेऊन उटीच्या कारखान्याची ‘इंदू’ फिल्म घालून काढलेले हे फोटो आहेत. तो कारखानाही आता बंद पडला.

आणि एक आनंदाची गोष्ट सांगतो. गटफोटोत टोकाचा माणूस अर्धा कापलेला दिसतो, तेव्हा बऱ्याचदा तो कॅमेऱ्याने कापलेलाच नसतो. या कॅमेऱ्यांची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटरची. पूर्ण छापली तर ८ बाय १२ इंचांचा फोटो होतो. आपण छापून घेतला ८ बाय १०. लांबीचा सहावा हिस्सा गेला! शिवाय उजळ रेषांची चौकट मुद्दाम थोडी आखूड आखलेली असते, म्हणून लांबच्या फोटोत निगेटिव्हवर चौकटीपेक्षा जास्त येते. म्हणजे भिंतीवरच्या फोटोतून गळलेले आजोबा, दाराशी उभी असलेली मोलकरीण, कडेचा शेजारी ही माणसे पिवळ्या पाकिटातल्या निगेटिव्हमध्ये आजही उभी असू शकतात.

म्हणून भंगाराचा निर्णय असा : कॅमेरा हवा तर विका, पण निगेटिव्ह एकही टाकू नका. त्या उजेडासमोर धरून पाहा, पूर्ण कडांसह स्कॅन करून घ्या, आणि कडेला कोण उभे आहे ते सांगणारी वडील मंडळी आपल्यात आहेत तोवर नावे लिहून ठेवा. पुढच्या वर्षी याच मंडपात आपण अशा न कापलेल्या फोटोंचे प्रदर्शन भरवू. कार्यकर्त्यांनी होकार दिला आहे, फोटो तुम्ही आणायचे आहेत.

 व्याख्यानानंतर पाचही खिडक्या सर्वांना पाहण्यासाठी खुल्या आहेत. काचेला बोट तेवढे लावू नका.

गणपती बाप्पा मोरया!